विरजणापुरती चांदी

भट्टीतली मूस लाल झाली होती. चार टाक आत गेले होते आणि पाचवा रफिकभाईंच्या चिमट्यात होता. तेवढ्यात मशीनमधून पाचव्याचा कागद बाहेर आला. मी तो वाचला आणि म्हटलं, "थांबा."

रफिकभाई थांबले. तीस वर्षं ते भट्टीपाशी आहेत. थांबा म्हटल्यावर ते का म्हणून विचारत नाहीत.

चूक माझीच होती. कागद हातात आल्याशिवाय डाग, म्हणजे गिऱ्हाइकाची वस्तू, मुशीकडं जाऊ द्यायचा नाही, हा आमचा नियम आहे. पण समोर गिऱ्हाईक बसलं होतं, त्याला चारची एसटी धरायची होती, आणि टाकांत बघण्यासारखं काही नसतं अशी माझी समजूत होती.

धाराशिवच्या सराफ लाइनीत आमचं दुकान आहे. पुढं नवऱ्याचं काउंटर, मागच्या खोलीत माझं मशीन आणि रफिकभाईंची भट्टी. मी टंच काढते. टंच म्हणजे डागात शंभरातले किती भाग सोनं किंवा चांदी आहे, तो आकडा. सासरे काळ्या कसोटीवर डाग घासून सांगायचे. मी केमिस्ट्रीची पदवी घेऊन या घरात आले, त्यामुळं मशीन लावलं. मशीनच्या खिडकीवर वस्तू ठेवायची, झाकण लावायचं, अर्धा मिनिट थांबायचं. आतून क्ष-किरण पडतात आणि कोणता धातू किती, ते कागदावर येतं.

टाक म्हणजे देवघरातले चांदीचे देव. नाण्याएवढे किंवा थोडे मोठे पत्रे, त्यावर ठशानं उठवलेली भवानी, खंडोबा, भैरोबा, घरातले पूर्वज. रोज धुऊन पुसून ते झिजतात. नाकडोळे गेले की घरात लग्न निघाल्यावर नवे करतात. त्याची आमच्या भागातली रीत अशी, की जुने टाक वितळवायचे आणि त्याच चांदीतून नवे घ्यायचे. चांदी कमी पडली तर वरून घालायची, पण जुनं काही बाजूला काढायचं नाही. देव देवात गेला पाहिजे.

हे पाच टाक गयाबाईंचे होते. गयाबाई सास्तूरच्या. साठी उलटलेली, काटक, बोलायला रोखठोक. धाकट्या लेकाचं लग्न होतं. दुसऱ्या दिवशी मंगळवार, नवे टाक घेऊन तुळजापूरला जायचं होतं. देवीची भेट झाल्याशिवाय टाक देवघरात बसत नाहीत. भूकंपात त्यांचं जुनं घर बसलं, तेव्हा ढिगाऱ्यातून हे पाच देव पितळी डबीसकट निघाले होते. ते त्यांनी आल्याआल्याच सांगितलं होतं, आणि लगेच पुढं विचारलं होतं की वितळवताना घट किती धराल.

आता कागदाचं सांगते. चार टाकांत चांदी साठ-सत्तरच्या घरात होती, उरलेलं तांबं आणि जस्त. गावाकडचे टाक असेच असतात. पाचव्यात चांदी नव्वदीच्या पुढं. जस्त अजिबात नाही. आणि दोन आगाऊ पाहुणे आले होते, थोडं शिसं आणि थोडं सोनं.

शिसं बघून मला आधी डाखाचा संशय आला. डाख म्हणजे दोन तुकडे जोडायला वापरतात तो मिश्रधातू. टाकाला कधीकधी मागून कडी डाखलेली असते. मी टाक चिमट्यातून घेतला, स्पिरिटनं पुसला आणि जागा बदलून परत लावला. तोच आकडा. तिसऱ्यांदा लावला. तोच.

मग मी टाक उलटा केला.

हे ऐकायला साधं वाटेल. पण टाक कुणी उलटून बघत नाही. पत्र्यावर समोरून ठसा मारला की मागं नुसता खळगा पडतो, त्यात बघायचं काय? घरातले लोकही देवाची पाठ बघत नाहीत. या टाकाच्या मागं मात्र खळगा नव्हता. वर्षानुवर्षांच्या तेला-कुंकवाचा काळा थर होता. तो स्पिरिटच्या बोळ्यानं निघाला आणि खालून एका माणसाचा चेहरा वर आला. सरळ नाक, कपाळावर पट्टी, मानेवर गाठ. भोवती अक्षरं.

रफिकभाई माझ्या खांद्यावरून वाकले. "भाभी, ये टाक न्हाय. सिक्का है."

ती अक्षरं मी ओळखली, आणि त्याचं श्रेय मल्लिकार्जुनअण्णांना आहे. अण्णांचं मार्केट यार्डात भुसारचं दुकान आहे. मूळचे उमरग्याकडचे, घरात कन्नड बोलतात. तूर-हरभऱ्याची अडत करतात आणि उरलेल्या वेळात ग्रीक राजांची नाणी जमवतात. सिकंदर परत गेला, पण त्याच्यामागं ग्रीक लोक बॅक्ट्रियात, म्हणजे आत्ताच्या उत्तर अफगाणिस्तानात राहिले. त्यांचे राजे पुढं हिंदुकुश ओलांडून पंजाबपर्यंत आले. त्यांनी नाण्याच्या एका बाजूला ग्रीक लिहिलं, दुसऱ्या बाजूला इथल्या लोकांना वाचता येईल अशी खरोष्ठी. त्यातल्या कित्येक राजांचं आज नाण्याशिवाय काहीही उरलेलं नाही. अण्णा त्यांच्याबद्दल भावकीतल्या माणसांसारखं बोलतात. "हा आपला युक्रेटिडीस. याला मारलं म्हणून याच्या मुलाचं नाव खराब आहे. खरं-खोटं देव जाणे."

काही वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा आले, तेव्हा काड्यापेटीत कापूस घालून सात नाणी आणली होती. मी टंच काढला. चार नाण्यांत जस्त निघालं. म्हटलं, "अण्णा, ही चार तुमच्याआमच्या काळातली." त्यांनी परत लावायला सांगितलं, मी परत लावलं. मग त्यांनी ती चार वेगळ्या काड्यापेटीत घातली. टाकून द्या म्हटलं तर म्हणाले, "राहू द्या ताई. फसवणाऱ्यानंही मेहनत घेतलीय." तेव्हापासून प्रत्येक नवं नाणं आधी माझ्याकडं येतं. जुनी चांदी शिशाच्या खनिजातून काढत, म्हणून तिच्यात थोडं शिसं आणि थोडं सोनं राहून जातं, हे मी अण्णांच्या नाण्यांवरच शिकले. आताच्या चांदीत सोनं सापडत नाही. ते आधीच काढून घेणारे लोक हुशार आहेत.

मी गयाबाईंना म्हटलं, "मावशी, हा टाक नाही. जुनं नाणं आहे. फार जुनं."

त्यांनी ते हातात घेतलं, उलटं केलं, राजाकडं बघितलं आणि परत सुलटं केलं. "आमची भवानी हाय. ढाल बघा की. उचललेला हात बघा."

दुसऱ्या बाजूला खरंच देवी होती. चेहरा झिजून सपाट झालेला, पण हात उगारलेला आणि दुसऱ्या हातात ढाल, हे स्पष्ट होतं. मी विचारलं, एका जाणकार माणसाला दाखवू का? तुमची वस्तू आहे, नको म्हटलंत तर आत्ता मुशीत घालते. त्या म्हणाल्या, दाखवा, पर यष्टी चुकली तर घरला सोडायला तुमची गाडी.

अण्णा दहा मिनिटांत स्कूटरवर आले. शर्टाला तुरीची धूळ तशीच. खिशातून भिंग काढून त्यांनी नाणं उजेडाकडं धरलं, राजाची बाजू वाचली, मग उलटं केलं आणि उजवीकडून डावीकडं बोट फिरवत वाचलं, "महाराजस त्रातारस मेनंद्रस. तारणहार महाराजा मेनंद्राचं."

"उर्दूसारखं उलटं लिहितेत का?" रफिकभाईंनी विचारलं.

"तसंच. खरोष्ठी." अण्णांनी भिंग खाली घेतलं. "मिनँडर आहे, ताई. आपण मिलिंद म्हणतो तो."

गंमत बघा, राजाची बाजू जवळजवळ शाबूत होती आणि देवीची गेली होती. कारण सोपं आहे. देवी वर ठेवून पूजा होत होती. धुणं, पुसणं, कुंकू, सगळं तिच्यावर. राजा खाली पालथा पडून वाचला.

अण्णांनी गयाबाईंना विचारलं, "अव्वा, तुमचं मूळ गाव सास्तूरच का?"

"न्हाय. सासरा म्हणायचा, आमी तेरकडनं आलो. कवा ते ठावं न्हाय."

अण्णा स्टुलावर बसले. मला समजलं ते का बसले. जुन्या काळी तेरला तगर म्हणायचे. तिथलं कापड बैलगाड्यांवरून भडोचच्या बंदरात जायचं. एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय, की मिनँडर मरून कैक पिढ्या झाल्या तरी भडोचच्या बाजारात त्याची नाणी चालत होती. म्हणजे एखादं नाणं परतीच्या गाडीतून आपल्या जिल्ह्यात आलं असणार, असं अण्णा मला बरीच वर्षं सांगत होते. त्यांच्याकडं मिनँडरची तीन नाणी होती, याच्यापेक्षा कितीतरी स्वच्छ. तिन्ही बाहेरून विकत घेतलेली. इथलं एकही नव्हतं.

मी त्यांना तेव्हाच सांगितलं की याला कागद नाही, पुरावा नाही. सासरा म्हणायचा, एवढंच आहे. ते म्हणाले, ठाऊक आहे. पण नाणं त्यांच्या मुठीतून सुटत नव्हतं.

गयाबाईंनी हात पुढं केला. "द्या. मुशीत जाऊ द्या."

अण्णांनी खूप समजावलं. दोन हजार वर्षांचं आहे, असं दुसरं इथं सापडणार नाही, वगैरे. बाजारात काय येतं तेही खरं सांगितलं: एवढ्या झिजलेल्या नाण्याला फारसं कुणी विचारणार नाही. माझ्या मते तिथंच त्यांचा मुद्दा पडला, पण खोटं बोलणं त्यांना जमत नाही. गयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचं एकच म्हणणं होतं. चार देव मुशीत गेलेत. पाचवी वगळली तर नव्या टाकांत भवानी येणार नाही, नुसता पत्रा येईल. असला पत्रा घेऊन तुळजापूरची पायरी कशी चढायची? आणि लग्नात काही उणंदुणं झालं तर सून जन्मभर कुणाचं नाव घेईल?

त्यांचं बरोबर होतं. निदान त्यांच्या हिशेबानं तरी होतं, आणि देव त्यांचे होते.

"भाभी, गॅस जळतोय," रफिकभाई म्हणाले. चार टाकांची चांदी मुशीत पाण्यासारखी हलत होती.

तेव्हा अण्णांनी जे केलं ते मला अजून पटलेलं नाही. त्यांनी पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून प्लॅस्टिकची पुडी काढली. त्यात त्यांचं सगळ्यात चांगलं मिनँडरचं नाणं होतं. ते अण्णा कायम जवळ बाळगतात. नाणं गयाबाईंपुढं धरून म्हणाले, "अव्वा, तोच राजा, तीच देवी, तीच चांदी. ही मुशीत घाला. ती राहू द्या."

मी म्हटलं, "अण्णा, डोकं ठिकाणावर आहे का?"

"आहे. अशी जगात पुष्कळ आहेत. ती एकच आहे."

गयाबाईंनी पुडीतलं नाणं निरखून बघितलं. देवीचा चेहरा, शिरस्त्राण, ढालीवरची नक्षी, सगळं लखलखीत. त्यांनी विचारलं, "हिला कवा निवद दावला का?"

अण्णा गडबडले. "नाही. ही... पाकिटात असते. बाकीची डब्यात."

"म्हंजी उपाशी हाय. उपाशी देवी माझ्या घरात घालता व्हय लग्नाच्या येळंला?"

रफिकभाईंनी तोंड फिरवलं. ते हसत होते, हे मला पाठीवरून कळलं. अण्णांनी पुडी परत खिशात ठेवली. गळ्यात लिंग बांधणारा माणूस. देवीला नैवेद्य दाखवत नाही म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच बोलणी खाल्ली होती.

मी भावनेनं विचार करणारी बाई नाही. मला एवढंच दिसत होतं, की दोघांचीही मागणी चांदीबद्दल आहे, आणि चांदी हे माझं काम आहे. एकाला नाणं राहायला हवं, दुसरीला त्या नाण्याची चांदी मुशीत जायला हवी. किती जायला हवी, हे कुणी बोललंच नव्हतं.

मी गयाबाईंना मशीनपाशी नेलं. म्हटलं, हे मशीन वरवरचं बघतं. खरा टंच काढायचा असेल तर आम्ही डागाच्या काठातून कणभर धातू काढतो. त्याला नमुना म्हणतात. तो कण जे सांगेल ते सगळ्या डागाला लागू, कारण कणात आणि डागात फरक नसतो. अख्खा डाग वितळवावा लागत नाही.

त्यांनी कणाचं माप विचारलं. मी अंगठ्याचं नख दाखवलं, मग त्याची कड दाखवली.

अण्णांच्या हातातून नाणं घेऊन त्यांनी त्याच्या काठावरून नख फिरवलं. मग म्हणाल्या, "इरजणाला वाटीभर दही लागत न्हाय."

"नाही लागत."

"बोटभर लावलं तरी आख्खं दूध लागतं." त्यांनी नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. "काढा. पर भवानीला धक्का नको. त्या बाबाच्या अंगाचं काढा."

बाबा म्हणजे राजा.

आता अण्णा आडवे आले. नाण्याला छेद द्यायचा नाही. जमवणाऱ्यांना कापलेलं नाणं बघवत नाही. मी म्हटलं, तुम्ही पोत्यात सळई खुपसून मूठभर वानगी काढता आणि त्यावर अख्खा ट्रक घेता, तेव्हा पोतं रडतं का? ते म्हणाले, पोतं दोन हजार वर्षांचं नसतं. मग मी नाणं भिंगाखाली धरलं, कुठून काढायचं ते बघायला, आणि राजाच्या मानेमागं काठावर मला एक बारीक खाच दिसली. सरळ, एका घावाची, कडा झिजून गुळगुळीत झालेली.

मी भिंग अण्णांना दिलं. "हे काय?"

त्यांनी बघितलं. खूप वेळ बघितलं. "सराफाचा छेद," ते म्हणाले. "आत तांबं आहे का बघायला मारायचे."

"कधीचा?"

"चलनात होतं तेव्हाचा. भडोचचा असेल. तेरचाही असेल."

"म्हणजे माझ्या आधी कुणीतरी टंच काढलाय."

अण्णांनी भिंग खिशात ठेवलं. मी जुन्या खाचेच्या शेजारी पातळ करवत लावली. चांदीचा जो कीस पडला तो मी कागदावर घेतला आणि कागद गयाबाईंच्या हातात दिला. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, तो कीस मुशीत सोडला आणि म्हणाल्या, "आई, चल."

रफिकभाईंनी कमी पडलेली चांदी वरून घातली आणि मूस हलवली. सांगायचं म्हणून सांगते, त्या कणानं मिश्रणाच्या टंचात काहीही फरक पडला नाही.

चांदी ओतली, पत्रा काढला. रफिकभाईंनी सासऱ्यांच्या वेळचे ठसे काढले आणि पाच टाक उठवले. तोवर चारची एसटी गेली होती. नवरा पुढून दोनदा डोकावून गेला. गयाबाई चहा घेत बसल्या होत्या. जुनं नाणं त्यांच्यासमोर कागदावर होतं. झिजलेला टाक घरात ठेवत नाहीत, वितळवला नाही तर तो पाण्यात सोडतात. दुसऱ्या दिवशी तुळजापुरात ते नाणं कुंडात जाणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. अण्णांनी त्याचं वजन करून घेतलं, फोटो काढले, आणि पुढं काही मागितलं नाही. याचं मला फार बरं वाटलं.

गयाबाईंनीच विषय काढला. "तुमी लोक हिला काय म्हणता?"

"अथीना," अण्णा म्हणाले.

"लढती का?"

"लढते. तिकडच्या एका मोठ्या शहराची राखणदार होती."

"देऊळ हाय?"

"मोठं होतं, संगमरवरी. आता पडकं आहे. लोक बघायला जातात."

"अन् पूजा?"

"ती कधीच बंद पडली, अव्वा. पार जुन्या काळी."

गयाबाईंनी कप खाली ठेवला. "म्हंजी तिकडं तिला बघाया कुणी न्हाय?"

"नाही."

"मंग इकडं आली ते बरंच झालं की." त्या नाण्याकडं बघत राहिल्या. "आमच्यात एक दीस पारोशी ऱ्हायली न्हाय. भूकंपात तीन दीस तेवढे."

अण्णांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. शर्टाला तुरीची धूळ होती, त्यामुळं चष्मा आणखी खराब झाला.

नवे टाक लाल फडक्यात बांधून गयाबाई उठल्या. जुनं नाणं त्यांनी उचललं, कपाळाला लावलं आणि अण्णांच्या हातात दिलं. "पान्यात टाकून काय करू? माणसात ऱ्हाऊ द्या. पर नवरात्रात निवद दावायचा. हिला एकटीला न्हाय. डब्यात जेवढे कोंडलेत तेवढ्या समद्यास्नी."

अण्णा हो म्हणाले. गयाबाईंना सास्तूरला सोडायला आमचीच गाडी गेली.

नवरात्रात अण्णांचा फोन आला. मी आणि रफिकभाई गेलो. देव्हाऱ्यासमोर नाही, बैठकीतल्या टेबलावर त्यांनी लाकडी डबा उघडला होता. चाळीसेक नाणी कापसावर मांडलेली, ती चार खोटीसुद्धा. अथीना, झ्यूस, हेराक्लीस, घोड्यांवरचे जुळे भाऊ, सगळ्यांपुढं पुरणपोळीचं एकच ताट. अण्णांच्या बायकोनं मला बाजूला घेऊन विचारलं, यांना नक्की झालंय काय? मी म्हटलं, गिऱ्हाइकाला शब्द दिलाय. भुसारवाल्याच्या घरात एवढं उत्तर पुरतं.

गयाबाईंच्या नाण्याला वेगळी डबी होती. आत अण्णांनी आपल्या हातानं चिठ्ठी लिहून ठेवली होती: मिनँडर, चांदी, सास्तूर येथील देवघरातून. काठावर दोन छेद. एक जुना, एक धाराशिवच्या सराफ लाइनीतला.

गयाबाईंची सून आनंदात आहे, असं कळतं. मी मात्र तेव्हापासून कुठलाही टाक मुशीत जाण्याआधी उलटा करून बघते. आजवर प्रत्येक वेळी मागं नुसता खळगाच निघालाय.